तांब्याची हुंडी: दुकानदारांची टोकनं पारखायची तर आधी कड वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बर्मिंगहॅमच्या जुन्या बाजारातून चार तुकडे एकगठ्ठा घेतले. पहिला पिवळसर, पातळ, जेमतेम 16 मिलिमीटरचा. मध्ये तीन अक्षरं, भोवती कुणाचं तरी नाव. दुसरा तांब्याचा, जाडजूड, डोक्यावरून वस्त्र घेतलेल्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचा, साल 1788. तिसऱ्यावर घोड्यावर बसलेली बाई आणि मागे पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती, साल 1792. चौथा लांबून राजाच्या अर्ध्या पेनीसारखा, पण जवळून वाचला तर 'जॉर्ज रूल्स' असं काहीतरी भलतंच. ही नाणी आहेत का, दुकानदारांना ती पाडू कोणी दिली, खरी-खोटी कशी ओळखायची, आणि चिंचेनं घासली तर चालेल का?

चिंचेचं आधी सांगून टाकतो: नाही. लिंबू नाही, पितांबरी नाही, राख नाही. कारण पुढे येईलच, पण तोवर हात आवरा.

बाकीच्या प्रश्नांसाठी एक गोष्ट पक्की धरा. टोकन हे नाणं नसून तांब्यावर कोरलेली धनीजोग दर्शनी हुंडी आहे. जो आणेल त्याला, आणेल त्या क्षणी, अमक्या दुकानात, अर्धी पेनी. नाण्यामागे राजा असतो, टोकनमागे एक पत्ता. त्यामुळे पारखताना पहिल्यांदा विचारायचं ते 'हे कोण आणि कुठे वटवणार होतं?' तुमच्या चारांपैकी तिघांकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, चौथ्याकडे नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं उत्तर चेहऱ्यावर कमी, कडेवर जास्त आहे.

लहान पिवळ्या तुकड्यापासून सुरुवात करू. तो 1648 ते 1672 या काळातला आहे. त्या काळच्या इंग्लंडात चांदीची पेनी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची होती. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे फार्दिंग, चांदीत पाडायचा तर सव्वाशे मिलिग्रॅमचा तुकडा झाला असता. बोटांच्या फटीतून निसटणारा. पण पाव, बिअर, मेणबत्ती, सुई-दोरा यांचे व्यवहार पेनीच्या खालीच होत. राजानं 1613 मध्ये तांब्याच्या फार्दिंगचा मक्ता एका सरदाराला दिला. ती नाणी इतकी हलकी होती, मोजून 6 ग्रेन, म्हणजे जेमतेम 0.4 ग्रॅम, की लोकांनी ती मनापासून कधी स्वीकारलीच नाहीत आणि नकली करणाऱ्यांचं मात्र फावलं. 1644 मध्ये संसदेनं तीही बंद केली. नवं काही आलं नाही. यादवी युद्धातून उठलेल्या देशात खुर्दाच उरला नाही, तेव्हा 1648 पासून किराणावाले, खानावळवाले, मेणबत्तीवाले, कापडवाले स्वतःच्या नावानं फार्दिंग पाडून घेऊ लागले.

त्यावरची तीन अक्षरं वाचण्याची रीत अशी: वरचं एकटं अक्षर आडनावाचं, खालच्या दोनांपैकी डावं नवऱ्याच्या नावाचं, उजवं बायकोच्या. दुकान दोघांचं, म्हणून हुंडीवर दोघं. दोनच अक्षरं असली तर मालक अविवाहित किंवा विधुर असू शकतो, किंवा दुकान विधवेच्या हाती आलेलं असू शकतं. कडेचं पूर्ण नाव वाचलं की उलगडतं. मधल्या चित्राकडे दुर्लक्ष करू नका. घरांना तेव्हा क्रमांक नव्हते, पत्ता म्हणजे दारावरची पाटी. साखरेचा सुळका असेल तर किराणा, तंबाखूची गुंडाळी असेल तर तंबाखूवाला, मेणबत्त्या ओतणारा माणूस किंवा तोंडात फांदी धरलेलं कबुतर असेल तर चरबीच्या मेणबत्त्यांचा धंदा. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही हा तुकडा कुठे परत न्यायचा ते कळावं, हा हिशेब. साल नसेल तर किंमत पाहा: 'हिज हाफ पेनी' असं लिहिलेली बहुतेक टोकनं 1666 च्या आसपास किंवा नंतरची, फार्दिंग त्याआधीपासूनची. बायकोचं अक्षर आणि त्या गावच्या चर्चमधली लग्नाची नोंदवही जुळवली की साल आणखी घट्ट पकडता येतं.

ही व्यवस्था चालायची कशी? गल्ल्याजवळ कप्प्यांची पेटी असायची. आलेलं प्रत्येक टोकन ज्याचं त्या कप्प्यात. एखाद्याचा कप्पा भरला की ते सगळे तुकडे त्याच्याकडे न्यायचे आणि चांदी घेऊन यायचं, किंवा त्याच्याकडे साठलेली आपली टोकनं सोडवून आणायची. म्हणून अशी टोकनं फार लांब जात नसत. दोन-चार गल्ल्या, फार तर शेजारचं बाजाराचं गाव. ज्याला कोणी ओळखत नाही त्याची हुंडी कोण घेणार? ऑगस्ट 1672 मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं तांब्याची सरकारी अर्धी पेनी आणि फार्दिंग आणून खासगी टोकनांवर बंदी घातली, आणि ही पहिली लाट ओसरली.

तुमचा दुसरा आणि तिसरा तुकडा पुढच्या, जास्त मोठ्या लाटेतला. इथे जरा थांबायला हवं, कारण बाजारात मिळणारी बहुतेक तांब्याची टोकनं याच लाटेतली आहेत आणि फसगतही इथेच होते.

लंडनच्या टाकसाळीनं 1770 ते 1775 दरम्यान तांब्याची नाणी पाडली आणि मग हात झटकले. तांबं हे टाकसाळीच्या लेखी हलकं काम. पाडलेली नाणी खेडोपाडी पोहोचवण्याची जबाबदारी तिच्यावर नव्हती. ज्याला हवी त्यानं लंडनच्या किल्ल्यावर यावं, आपल्या खर्चानं गाडी भरून न्यावी. जास्त झालेली नाणी परत घेण्याचीही सोय नाही. परिणामी लंडनच्या दारूवाल्यांकडे तांब्याची पोती पडून, आणि लँकेशरच्या गिरणीत शनिवारी मजुरी द्यायला सुटे नाहीत. नकली अर्ध्या पेन्या इतक्या बोकाळल्या की खऱ्या शोधाव्या लागत. 1771 च्या कायद्यानं तांब्याचं नकली नाणं पाडणं गंभीर गुन्हा ठरवलं, तरी फरक पडला नाही.

त्यात नवे कारखाने आले. शेतमजुराला धान्य, घर, जेवण यात मजुरी चुकवता येत होती. खाणीत आणि गिरणीत शेकडो माणसं आठवड्याच्या रोख मजुरीवर. सुटे नसले की मालक चार-पाच जणांत मिळून एक मोठं नाणं देई. ते मोडायला सगळे जवळच्या दारूच्या गुत्त्यात, आणि मोड देणारा फुकट थोडाच देतो.

हा पेच पहिल्यांदा फोडला वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीनं, 1787 मध्ये. तुमचा म्हातारा तो हाच: ओकच्या पानांच्या हारात ड्रुइड, म्हणजे जुन्या केल्टिक लोकांचा पुरोहित. कंपनीचा सूत्रधार थॉमस विल्यम्स याच्याकडे तांब्याचा डोंगरच होता. त्यानं पेनी पाडली ती पूर्ण एक औंसाची, एका वजनी पौंडात 16. त्यावर लिहिलं 'वुई प्रॉमिस टू पे द बेअरर वन पेनी' आणि कडेवर 'ऑन डिमांड इन लंडन लिव्हरपूल ऑर अँगलसी'. तीन गावं दिली, कारण मजूर अँगलसीत खर्च करणार, माल लिव्हरपूलहून येणार आणि मोठे व्यापारी लंडनचे. सुमारे 250 टन पेन्या आणि 50 टन अर्ध्या पेन्या पाडल्या गेल्या असं मानलं जातं. पौंडात 16 या हिशेबानं पेन्याच 90 लाखांच्या आसपास जातात. यात नुसता मजुरीचा प्रश्न नव्हता. विल्यम्सला सरकारी नाण्यांचा ठेका हवा होता आणि ही त्याची वानगी होती. ठेका शेवटी 1797 मध्ये बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनला मिळाला, ते वेगळं.

1787 मध्येच लोखंडवाल्या जॉन विल्किन्सननं आपलं तोंड छापलेलं टोकन काढलं आणि कडेवर आपल्या चार कारखान्यांची नावं घातली. लंडनच्या लोकांना एका लोहाराचं तोंड राजाच्या जागी पाहून फार राग आला म्हणतात. पण राजाचं चित्र वापरलेलं नव्हतं, त्यामुळे नकली नाण्याचा कायदा लागू होत नव्हता. 'परवानगी कोणी दिली' याचं उत्तर एवढंच: कोणीच नाही, पण मनाई करणारंही कोणी नव्हतं. सरकारला गरज दिसत होती आणि उपाय करायचा नव्हता.

मग गावोगावच्या दुकानदारांनी तो कित्ता गिरवला. तुमची घोड्यावरची बाई म्हणजे कॉव्हेंट्री गावच्या दंतकथेतली गोदायव्हा, टोकन रॉबर्ट रेनॉल्ड्स अँड कंपनीचं. त्याच्या कडेवर 'पेएबल अॅट द वेअरहाऊस ऑफ रॉबर्ट रेनॉल्ड्स अँड को' असं हवं. ते आहे का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

कडेकडे वळण्याआधी पैशाचा हिशेब बघू, कारण त्याशिवाय वजनं कळत नाहीत. टाकसाळीच्या अर्ध्या पेन्या एका वजनी पौंडात 46 बसत, म्हणजे एकीचं वजन 9.86 ग्रॅम. एका पौंड तांब्यातून 23 पेन्यांचा दर्शनी पैसा. समजा पत्र्याचा भाव पौंडाला 11 पेनी आणि पाडणावळ 5 पेनी. खर्च 16, हातात 23, सुटतात 7. एक हंड्रेडवेट, म्हणजे 112 पौंड, मागवले तर 5,152 तुकडे येतील, त्यांची किंमत 10 पौंड 14 शिलिंग 8 पेन्स (पैशात 12 पेनींचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड), आणि वरकड 3 पौंड 5 शिलिंग 4 पेन्स. शिवाय जे तुकडे हरवले, लहान मुलांच्या डब्यात गेले, गाव सोडून गेले ते कधीच वटवावे लागत नाहीत. टोकन फिरतंय तोवर दुकानदाराला बिनव्याजी उचल मिळाल्यासारखंच, आणि जाहिरात वर.

मोह इथेच. पौंडात 46 ऐवजी 60 पाडले तर तेवढ्याच तांब्यात 30 पेन्यांचा पैसा. पण मग तुकडा साडेसात ग्रॅमचा होतो आणि हातात घेतल्याबरोबर कळतं. लोक घेताना कां-कू करतात, सराफ बट्टा मागतो. म्हणून ज्याला गावात धंदा करायचा होता तो वजन फारसं घटवत नसे. जो बेनामी होता तो घटवत असे. ड्रुइडच्या अर्ध्या पेनीच्या नकला याच कारणानं भरपूर आहेत. खऱ्या अर्ध्या पेनीचा मूळ हिशेब अर्ध्या औंसाचा, म्हणजे 14 ग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्ष पाडताना आणि झिजताना त्यात घट येते. पण ड्रुइड 8 ग्रॅमचा भरला, नाक-डोळे बोथट असले आणि हाराची पानं शेवग्याच्या पाल्यासारखी दिसली, तर तो त्या काळातलाच नकली समजा. दोनशे वर्षांपूर्वीची लबाडी म्हणून तोही जपण्यासारखा, पण भाव वेगळा.

आता कड. टोकन बनायचं असं: लाटून जाडी केलेल्या तांब्याच्या पत्र्यातून कोऱ्या चकत्या कापायच्या, त्या तापवून मऊ करायच्या, सौम्य आम्लात बुडवून काळेपणा काढायचा, धुऊन भुशात घोळून वाळवायच्या. छाप उठवण्याआधी कडेवर अक्षरं. त्यासाठी दोन समांतर पोलादी पट्ट्या असत, एक पक्की बसवलेली, दुसरी दाते असलेल्या चाकानं सरकणारी. दोन्हींवर मजकुराचा अर्धा-अर्धा भाग कोरलेला. मध्ये चकती उभी धरून पट्टी सरकवली की चकती अर्धा फेरा गडगडते आणि दोन्ही अर्ध्या ओळी तिच्या कडेवर उमटतात. 29 मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा परिघ सुमारे 91 मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक पट्टीच्या वाट्याला साडेपंचेचाळीस. मग ती चकती स्क्रूच्या दाबयंत्रात दोन ठशांमध्ये जाते.

यावरून तीन गोष्टी निघतात. कडेच्या मजकुराला दोन सांधे असणार. चकती जरा मोठी असली तर सांध्यात फट, लहान असली तर शेवटची अक्षरं पहिल्यांवर चढलेली. पट्टी घसरली तर अक्षरं दुहेरी. कडेची अक्षरं आधी आणि छाप नंतर, त्यामुळे दाब पडताना धातू पसरून काही अक्षरं चेपलेली दिसणार. आणि चेहरा सरळ धरला तर कडेचा मजकूर कुठूनही सुरू होणार, एका नगाचा दुसऱ्याशी मेळ नसणार. यातलं काहीच नसेल, अक्षरं यंत्रानं कापल्यासारखी एकसारखी असतील, किंवा सगळी कडभर साच्याची बारीक आडवी रेघ धावत असेल, तर तुकडा ओतीव किंवा आधुनिक आहे.

कड वाचायला कणकेचा किंवा मातीचा गोळा घेऊन त्यावर टोकन फिरवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. देऊ नये. कणकेत मीठ-पाणी, खेळण्याच्या काही मातीत गंधक; दोन्ही तांब्याचे वैरी. भिंगात पाहा, दिवा एका बाजूनं खाली तिरका धरा, आणि फोनवर सहा-सात तुकड्यांत कडेचे फोटो काढून नंतर कागदावर जोडा.

वाचल्यावर काय समजायचं? दुकानाचं किंवा गोदामाचं नाव आणि गाव असेल, आणि ते चेहऱ्यावरच्या मजकुराशी जुळत असेल, तर ते चलनासाठी पाडलेलं टोकन. 'पेएबल इन लँकेस्टर लंडन ऑर ब्रिस्टल' अशी गोलमाल कड असेल तर सावध. ही पट्टी बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत पडलेली असे आणि ती ज्याचा लँकेस्टरशी काडीचा संबंध नाही अशा टोकनांवरही वापरली गेली. अशा पत्त्यावर कोण देणार पैसे? ही बहुधा हलकी नक्कल, नाहीतर संग्राहकांसाठीची जुळवाजुळव. 'करंट एव्हरीव्हेअर', म्हणजे सगळीकडे चालणारं, अशी कड मला तर सरळ थट्टाच वाटते. सगळीकडे चालणारी हुंडी कोणीच वटवत नाही. कड अगदी कोरी असेल तर ते बऱ्याचदा संग्राहकांसाठी नंतर पाडलेलं असतं, पण यावर आंधळेपणानं जाऊ नका: काही खरी टोकनं कोऱ्या किंवा तिरप्या रेघांच्या कडेचीही आहेत.

जुळवाजुळवीबद्दल चार शब्द जास्त लिहितो, कारण महागडी चूक तिथे होते. 1794 पासून ही टोकनं जमवण्याचं वेड लागलं. इप्सविचच्या जेम्स कॉन्डरनं 1798 मध्ये त्यांची यादीच छापली; त्याच्या नावावरून आजही त्यांना कॉन्डर टोकन म्हणतात. कारखानदारांच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक आता दुकानदार नाही, छांदिष्ट आहे. मग एका टोकनचा पुढचा ठसा आणि दुसऱ्याचा मागचा ठसा जोडून 'दुर्मिळ' प्रकार तयार होऊ लागले. लंडनचा थॉमस स्पेन्स यात पटाईत. त्याचे ठसे राजकीय होते, जमीनदारांना आणि सरकारला टोले हाणणारे, आणि ते त्यानं वाटेल त्याच्याशी जोडले. केम्प्सन आणि स्किडमोर हे टोकनं पाडणारे कारखानदार. केम्प्सननं कॉव्हेंट्रीच्या इमारतींची मालिका काढली, स्किडमोरनं लंडनच्या चर्चेसची. ही टोकनं सुंदर आहेत, त्या काळचीच आहेत, पण त्यांनी कधी पाव विकत घेतलेला नाही. खूण अशी की ती झिजलेली नसतात. पुढच्या बाजूचं गाव आणि मागच्या बाजूचं गाव वेगळं, कड तिसऱ्याच गावाची, आणि अंगावर ओरखडा नाही, असा तुकडा चलनाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून धरू नका. डाल्टन आणि हॅमर यांच्या 20व्या शतकातल्या यादीत परगण्यानुसार क्रमांक दिलेले आहेत. विक्रेते तेच क्रमांक सांगतात. क्रमांक जुळवताना चित्राबरोबर कडही जुळवा, कारण एकाच चित्राला चार वेगळ्या कडा असतील तर क्रमांकाला जोडलेलं लहान अक्षर बदलतं आणि भाव कधी कधी दहापट बदलतो.

ठशांच्या दोषांवरून क्रम लावता येतो. नक्षीकार आधी उठावाचा पोलादी पंच करे, तो मऊ पोलादात ठोकून ठसा घेई, अक्षरं एकेक पंचानं ठोके, आणि शेवटी ठशाला पाणी देई. पाणी जास्त चढलं तर ठसा ठिसूळ होऊन तडकतो. टोकनवर ती तडक उठावाच्या बारीक रेषेसारखी दिसते. पाणी कमी पडलं तर ठसा मध्ये खचतो आणि टोकनच्या मैदानात फुगवटा येतो. उठावाची रेषा हा नगाला पडलेला ओरखडा नव्हे, हे लक्षात ठेवा. ओरखडा खोल असतो.

घरी करण्याजोगी तपासणी मोजक्या वस्तूंत होते: 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा, व्हर्नियर, लोहचुंबक, दोरा आणि ग्लास. चुंबकाला चिकटलं तर विषय संपला. नाहीतर घनता काढा. ग्लासात पाणी घेऊन काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, टोकन दोऱ्यानं पूर्ण बुडवा, पण तळाला-काठाला लागू देऊ नका. जो आकडा दिसेल तो सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले तो आकडा. 9.86 ग्रॅमचा तुकडा 1.11 दाखवत असेल तर घनता 8.88; तांबं शुद्ध असेल तर 8.9 च्या आसपास, पितळ 8.4 ते 8.6, शिसं 11.3. बुडबुडा चिकटला तर घनता खोटी कमी येते. पाण्यात बोट फिरवून तो घालवा. ही युक्ती तुमच्या लहान पिवळ्या तुकड्यावर चालणार नाही. तो एक ग्रॅमचा, पाणी सारणार 0.12 ग्रॅम, काटा 0.01 नं चुकला तरी घनता 7.7 ते 9.1 कुठेही येईल. तिथे भिंगच. ओतीव नकलेवर बारीक छिद्रं, अक्षरांच्या मुळाशी गोलाई. खऱ्यावर अक्षरांच्या भिंती उभ्या, आणि पातळ पत्र्यामुळे बऱ्याचदा एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूला किंचित सावलीसारखं.

आता घासण्याचं. देवघरातलं ताम्हन चिंचेनं लखलखतं, कारण आम्ल वरचा थर खाऊन टाकतं. ताम्हनाला पुढच्या आठवड्यात नवा थर येईल. टोकनवरचा तपकिरी थर दोनशे वर्षांत धरलेला आहे आणि त्यातच बारीक रेघा, झीज, चमक टिकून आहे. चिंचेनंतर ते गुलाबी, मेलेल्या रंगाचं होतं आणि कुठलाही जाणकार हातात घेताच खाली ठेवतो. मातकट चिकटलेलं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात एक-दोन दिवस भिजवा, पाणी बदलत राहा, बांबूच्या टूथपिकनं हळू सोडवा. तेलकट किंवा प्लॅस्टिकचा चिकट हिरवा लेप असेल तर शुद्ध अॅसिटोन, काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी, गॅस-उदबत्ती लांब. नेलपॉलिश काढायचं सुगंधी द्रव चालत नाही, त्यात तेलं असतात. घट्ट, गडद हिरवा डाग निरुपद्रवी असू शकतो. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी, पुसून पुन्हा येणारी, हा क्लोराइडचा रोग आहे. असा तुकडा ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळा करा आणि कोरड्या हवाबंद डबीत सिलिका जेलबरोबर ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हा रोग पाहता पाहता वाढतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात, वर्तमानपत्रात, रबरबँड लावून काहीही ठेवू नका. ओकच्या लाकडाच्या पेटीतूनही आम्लाची वाफ सुटते, महोगनी चालते.

या टोकनांचं पुढे काय झालं तेही सांगतो. 1797 मध्ये बोल्टननं वाफेच्या यंत्रांवर सरकारी पेनी पाडली, पुन्हा एक औंसाचीच. पण तांब्याचा भाव चढला आणि जड नाणी वितळवण्यात फायदा दिसू लागला. 1811-12 मध्ये टंचाई परतली आणि टोकनंही. अखेर 1817 च्या कायद्यानं 1 जानेवारी 1818 पासून ती बंद झाली. बर्मिंगहॅम आणि शेफील्डच्या अनाथ-गरिबांच्या संस्थांनी काढलेल्या टोकनांना तेवढी जास्त मुदत मिळाली, कारण ती एकदम बंद केली असती तर गरिबांच्याच हातात राहिली असती. ज्यांचं दुकान तोवर बुडालेलं होतं त्यांच्या टोकनांचे मात्र तांब्याच्या भावानंच पैसे झाले.

बोल्टनचा आपल्याशी संबंध आहे. त्याच्या सोहो टाकसाळीत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडली गेली, 1791 आणि 1794 सालांची. मागे तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फार्सी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. ड्रुइडबरोबर जुन्या बाजारात ती हमखास सापडतात, आणि विकणाऱ्याला बरेचदा दोन्हींतला फरक माहीत नसतो. ती टोकनं नव्हेत, कंपनी सरकारची नाणी आहेत. आपल्याकडे पेशव्यांनी ठरावीक मुदतीसाठी खासगी लोकांना टाकसाळीचे परवाने दिले, पण तिथेही नाव परवानेदाराचं नसून छाप राज्याची. म्हणून शिवराईच्या असंख्य तऱ्हा सापडतात, दुकानदाराच्या नावाची शिवराई नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात 1889 च्या मेटल टोकन्स कायद्यानं पैशासारखे वापरायचे धातूचे तुकडे पाडणं आणि चालवणं थेट गुन्हा ठरलं. दुसऱ्या महायुद्धात चिल्लर गायब झाली तेव्हा काठेवाडच्या संस्थानांनी पुठ्ठ्याचे आणि कागदाचे कुपन काढले, धातूचे नाहीत. आणि आपल्या दुकानदाराच्या बरणीतून टोकनऐवजी गोळी-चॉकलेट बाहेर येतं. तो 1889 चा कायदा पुढे 2011 च्या नाणे कायद्यात मिसळला.

हे तुकडे भारतात आणणार असाल तर एक गोष्ट आधी ठरवा. 100 वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्यानं पुरावशेषाच्या व्याख्येत येतं आणि ते देशाबाहेर पाठवणं सोपं नसतं. ब्रिटनमध्येच पुन्हा विकायचा विचार असेल तर तिथेच राहू द्या, आणि खरेदीची पावती जपा.

राहिला 'जॉर्ज रूल्स'. तो ना नाणं ना टोकन. राजाची अर्धी पेनी हुबेहूब पाडली तर शिक्षा, म्हणून लबाडांनी चित्र तसंच ठेवून अक्षरं बदलली: 'जॉर्ज रूल्स', मागे 'ब्रिटन्स आइल्स' अशी वाक्यं. पकडलं तर 'हे नाणं कुठे आहे, वाचा तरी' म्हणायचं. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात ते खपवायचं. वजन करा, टाकसाळीच्या 9.86 ग्रॅमच्या बरंच खाली भरेल. त्यावर वटवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, आणि कडेवर काही शोधत बसू नका, तिथेही पत्ता मिळणार नाही. पाकिटावर 'चकवा, अर्धी पेनी' आणि वजन लिहून ठेवा. ड्रुइड आणि गोदायव्हाच्या कडेवर काय वाचलं तेही त्यांच्या पाकिटांवर अक्षरशः उतरवा, सांध्याच्या जागी उभी रेघ मारून.